ज्यांच्या वायरवर पोकेमॉन उभा राहिला, त्या गुनपेई योकोईंवर मात्र फ्लॉपचा शिक्का बसला

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की राजुऱ्याकडच्या पोरांना एक काम मिळतं. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की काळ्या मातीची शेतं लागतात आणि पहिल्या सरींनंतर त्या मातीवर लालभडक, मखमली मृगाचे किडे फिरायला लागतात. रिकामी काडेपेटी घ्यायची, किडे गोळा करायचे आणि मग शाळेत जाऊन हिशोब मांडायचा. कुणाकडे किती, कुणाचा मोठा, एक मोठा दिला तर दोन बारके मिळतील का, वगैरे.

आता याच खेळात थोडी बॅटरी आणि थोडी वायर घाला. जे तयार होतं त्याला जग पोकेमॉन म्हणतं.

पोकेमॉन म्हटलं की आपल्याला पिवळा पिकाचू आठवतो. २००३ च्या सुमारास टीव्हीवर लागणारं कार्टून आठवतं. पण त्याच्याही आधी पोकेमॉन हा खेळ होता. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये आलेला, हातात मावणाऱ्या गेम बॉयवर चालणारा. तो बनवला सातोशी ताजिरी यांच्या टीमनं. पण तो ज्या मशीनवर आणि ज्या वायरवर उभा राहिला, ती देणारा माणूस वेगळाच होता. त्यांचं नाव गुनपेई योकोई.

या माणसाची गंमत अशी की त्यांनी दिलेल्या वायरचा सगळ्यात भारी उपयोग करणारा खेळ बाजारात आला, त्याच वर्षी ते कंपनी सोडून गेले. आणि त्या खेळानं जग जिंकलं खरं, पण योकोईंनी दिलेल्या काही संधी त्यानंही वाया घालवल्या. त्यातली एक तर थेट किड्यांची होती.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेकॅनिक

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये गावातल्याच एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं नाव निन्टेंडो.

आज निन्टेंडो म्हणजे मारिओ, पोकेमॉन आणि अब्जावधींची उलाढाल. पण तेव्हा ही कंपनी पत्ते छापायची. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाऊची यांनी ती सुरू केली, ती हानाफुदा नावाचे फुलापानांचे जपानी पत्ते बनवण्यासाठी. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा जसा हातानं रंगवला जायचा, तसेच सुरुवातीचे हानाफुदाही हातानं बनायचे. पुढे मशीन आली. योकोईंचं काम काय, तर कारखान्यातली ती मशीन नीट चालतायत ना ते बघायचं.

मशीन बरी चालली की मेकॅनिकला काम नसतं. मग योकोई वेळ घालवायला काहीबाही बनवत बसायचे. असंच त्यांनी एक खेळणं बनवलं. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्या, हँडल दाबलं की पट्ट्या लांब जातात आणि दूरची वस्तू पकडतात.

एके दिवशी कारखान्यात फेरी मारताना मालकांनी ते पाहिलं. हे मालक म्हणजे हिरोशी यामाऊची, संस्थापकांच्या घरातलेच, १९४९ पासून कंपनी सांभाळणारे आणि कडक स्वभावाचे. कामाच्या वेळेत खेळणं करत बसलेल्या पोराची नोकरी जाणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण पत्त्यांचा धंदा मंदावत चालला होता. यामाऊचींनी टॅक्सीपासून झटपट भातापर्यंत सगळं करून पाहिलं होतं आणि त्यात फार काही हाताला लागलं नव्हतं. त्यांनी योकोईंना ते खेळणं विकण्यालायक करून द्यायला सांगितलं.

१९६६ मध्ये ते अल्ट्रा हँड नावानं बाजारात आलं आणि १० लाखांहून जास्त खपलं. मेकॅनिक आता खेळणी बनवणारा झाला.

दोघांनी हात धरल्याशिवाय न चालणारं खेळणं

१९६९ मध्ये योकोईंनी लव्ह टेस्टर आणलं. एक छोटा मीटर, त्याला वायरनं जोडलेले धातूचे दोन गोळे. एक गोळा मुलानं धरायचा, एक मुलीनं आणि मोकळ्या हातांनी एकमेकांचा हात धरायचा. दोघांच्या अंगातून अगदी किरकोळ वीज जायची आणि काटा हलायचा. काटा जितका पुढे, तितकं प्रेम जास्त.

विज्ञान म्हणून यात काही दम नव्हता. हाताला घाम असला तरी प्रेम वाढायचं. पण योकोईंना एक गोष्ट नेमकी कळली होती. लोकांना मीटरशी देणंघेणं नाही, त्यांना हात धरायला निमित्त हवंय. खेळणं हे दोन माणसांना जवळ आणण्याचा बहाणा असतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी यावरच आहे.

जुनं तंत्रज्ञान, नवा उपयोग

योकोईंची कामाची एक पद्धत होती आणि तिच्यासाठी ते जपानीत जे शब्द वापरायचे, त्यांचा अर्थ साधारण असा की सुकून गेलेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा आडवा विचार करा. सुकलेलं म्हणजे टाकाऊ नाही. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत आहेत असं. नव्या कोऱ्या तंत्रज्ञानाच्या मागे धावलं की किंमत वाढते आणि मशीन बिघडतं. त्यापेक्षा जुनी वस्तू अशा ठिकाणी वापरा जिथे आजवर कुणी वापरली नाही.

सगळ्यात सोपं उदाहरण लेफ्टी आरएक्सचं. सत्तरच्या दशकात रिमोटवर चालणाऱ्या गाड्या फार महाग होत्या. योकोईंनी रिमोटमधले भाग कमी करत करत शेवटी असा प्रकार बनवला की गाडी सरळ जाते आणि फक्त डावीकडे वळते. उजवीकडे वळायची सोयच नाही. आता तुम्ही म्हणाल, असली गाडी घेणार कोण? पण गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर डावीकडे वळलं की पुरतं. अडचण होती तीच खेळाचा नियम झाली.

मग आला सगळ्यात मोठा डाव. त्या काळात कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांची जोरदार स्पर्धा लागली होती आणि त्यामुळे छोट्या एलसीडी स्क्रीन स्वस्त झाल्या होत्या. योकोई बुलेट ट्रेननं जात असताना त्यांना एक नोकरदार माणूस दिसला. कंटाळा घालवायला तो कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं की मोठ्या माणसालाही गुपचूप खेळता येईल असं काहीतरी खिशात मावणारं हवं.

पुढचा किस्सा असा सांगतात की एकदा यामाऊचींचा ड्रायव्हर आजारी पडला आणि गाडी चालवायचं काम योकोईंवर आलं. वाटेत त्यांनी सहज ही कल्पना मालकांच्या कानावर घातली. मालक हूं की चूं करेनात. पण त्या दिवशीच्या बैठकीत यामाऊचींच्या शेजारी बसले होते शार्प कंपनीचे प्रमुख आणि शार्प कॅल्क्युलेटरच्या स्क्रीन बनवण्यात पुढे होती. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं योकोईंना भेटायला आली.

१९८० मध्ये गेम अँड वॉच आला. खेळही आणि घड्याळही. पुढच्या अकरा वर्षांत त्याचे ४ कोटींहून जास्त नग खपले. त्यातल्याच १९८२ च्या डाँकी काँग मॉडेलवर योकोईंनी अधिक चिन्हासारखं चार दिशांचं बटण बसवलं, कारण लांब दांड्याची जॉयस्टिक खिशात मावत नाही. आज जगातल्या बहुतेक गेम कंट्रोलरवर ते बटण आहे. आपल्याकडे जत्रेत आणि आठवडी बाजारात मिळणारे, विटा रचायचे ते ब्रिक गेम आठवतात? राजुऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत ज्यानं कुणी ते खेळले, त्यानं अंगठ्यानं दिशा बदलत जुन्या एलसीडीवर खेळ खेळलाय. तो रस्ता योकोईंनी पाडला होता.

याच काळात कंपनीतल्या शिगेरू मियामोतो नावाच्या तरुणाला डाँकी काँग हा पहिला मोठा खेळ करायला मिळाला आणि त्याच्यावर देखरेख योकोईंची होती. मारिओचा जन्म त्याच खेळातला.

गेम बॉय आणि ती वायर

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला. किंमत १२,५०० येन. योकोईंच्या विभागानं बनवलेला. त्यात सातोरू ओकादा यांच्यासारख्या इंजिनिअरांचाही मोठा वाटा होता.

कागदावर बघितलं तर गेम बॉय भंगार वाटायचा. स्क्रीन हिरवट, रंगाच्या नावानं फक्त चार छटा, आतून लाईट नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्ही झगमगीत. पण त्यांना सहा सेल लागायचे आणि ते काही तासांतच संपायचे. गेम बॉयला चार सेल पुरायचे आणि कितीतरी जास्त वेळ चालायचे. पोरांच्या खिशात सेलचे पैसे नसतात, हे योकोईंना माहीत होतं.

आणि गेम बॉयच्या कडेला एक छोटं भोक होतं. त्यात वायर घातली की दोन गेम बॉय एकमेकांना जोडले जायचे. लव्ह टेस्टर आठवलं ना? दोन माणसं, मध्ये वायर.

वायर तर दिली, पण बहुतेक खेळांनी तिचा उपयोग एकाच कामासाठी केला. समोरच्याला हरवायचं. टेट्रिसमध्ये मित्राच्या अंगावर विटा ढकलायच्या, बस. पुढच्या वर्षी चार जणांना जोडणारा अॅडॉप्टरही आला. पण वायरमधून हरवण्याच्या पलीकडे काय जाऊ शकतं, याचा विचार एका वेगळ्याच माणसानं केला.

किडे गोळा करणारा पोरगा

सातोशी ताजिरी १९६५ चे. ते वाढले टोकियोजवळच्या माचिदा भागात. तेव्हा तिथे शेतं, तळी, झाडी होती आणि ताजिरींना किड्यांचं इतकं वेड की मित्र त्यांना किड्यांचा डॉक्टर म्हणायचे. मग शहर पसरत गेलं. तळी बुजली, झाडं गेली, किडे गेले.

मोठेपणी त्यांनी गेम फ्रीक नावाचं मासिक काढलं आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी केली. गेम बॉयची वायर पाहिली तेव्हा त्यांना कुस्ती दिसली नाही. त्यांना त्या वायरमधून एक किडा सरपटत पलीकडे जाताना दिसला.

याला आणखी एक कारण होतं. ड्रॅगन क्वेस्ट २ खेळताना ताजिरींना एक दुर्मीळ वस्तू काही केल्या मिळेना आणि त्यांचा मित्र केन सुगिमोरी याच्याकडे ती दोन होत्या. पण एका खेळातून दुसऱ्या खेळात देणार कशी? योकोईंच्या वायरनं ते शक्य होत होतं.

कल्पना निन्टेंडोला सांगितली १९९० मध्ये. खेळ पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. मधल्या काळात पैसे संपत आले, गेम फ्रीकमधली काही माणसं सोडून गेली.

लाल स्क्रीनची आपटी

इकडे योकोई दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. अमेरिकेतल्या एका कंपनीकडे लाल एलईडीचं तंत्रज्ञान होतं. त्यातून डोळ्यांसमोर खोलीचा भास तयार व्हायचा. योकोईंना वाटलं, हे स्वस्त आहे, वेगळं आहे, यातून नवं काहीतरी होईल. त्यातून झाला व्हर्च्युअल बॉय.

पण यावेळी गणित जमलं नाही. डोक्याला लावायचं मशीन होता होता टेबलावर ठेवून वाकून बघायचं मशीन झालं. सगळं लाल आणि काळं. डोळे दुखायचे, मान अवघडायची. कंपनीचं सगळं लक्ष पुढच्या मोठ्या मशीनवर, म्हणजे निन्टेंडो ६४ वर होतं. त्यामुळे व्हर्च्युअल बॉयला ना पुरेसा वेळ मिळाला ना माणसं. २१ जुलै १९९५ ला १५,००० येनला तो बाजारात आला आणि जपानमध्ये त्याच वर्षअखेर गुंडाळला गेला. जगभरात मिळून खप जेमतेम पावणेआठ लाख.

यातला सगळ्यात चटका लावणारा तपशील वेगळाच आहे. व्हर्च्युअल बॉयलाही दुसऱ्या मशीनशी जोडायचं भोक होतं. पण त्याची वायर कधी बाजारात आलीच नाही. ज्या माणसाची सगळी खेळणी दोघांना जवळ आणायची, त्यांचं हे मशीन एकट्यानं, काळ्या खोबणीत डोळे खुपसून खेळायचं राहिलं. शेजारी बसलेल्याला तर आत काय चाललंय तेही दिसायचं नाही.

पोकेमॉन आला, योकोई निघाले

फेब्रुवारी १९९६ मध्ये पोकेमॉन आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा म्हातारा झाला होता. लोकांना वाटत होतं त्याचे दिवस भरले. खेळाची सुरुवातही संथच झाली.

पण पोकेमॉननं वायरचा असा काही उपयोग केला की तोपर्यंत कुणी केला नव्हता. खेळ दोन रंगांत आला, लाल आणि हिरवा. लालमध्ये जे काही प्राणी मिळतात ते हिरव्यात मिळत नाहीत आणि उलटही. म्हणजे १५० पूर्ण करायचे तर दुसरी कॅसेट असलेला मित्र हवाच. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चार तर वायरमधून दुसऱ्याकडे गेल्याशिवाय पुढच्या रूपात बदलतच नाहीत. देवाणघेवाणीत मिळालेल्या प्राण्यावर पहिल्या मालकाचं नाव कायम राहतं. वर्गातल्या मित्राचं नाव आपल्या खेळात घेऊन फिरायचं.

आणि वर एक गुपित. खेळ जवळजवळ संपल्यावर तपासणीसाठी ठेवलेला कोड काढला तेव्हा कॅसेटमध्ये साधारण ३०० बाईट जागा उरली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं तेवढ्यात १५१ वा प्राणी कोंबला, म्यू. त्याची बातमी फुटली, एका मासिकानं फक्त २० वाचकांना म्यू देण्याची स्पर्धा काढली आणि हजारो पोरांनी अर्ज केले. तिथून खेळ जो चढला तो थांबलाच नाही. पहिल्या पिढीच्या कॅसेट जगभरात ३ कोटींहून जास्त खपल्या. मरायला टेकलेला गेम बॉय पुन्हा जिवंत झाला.

पण तोवर योकोई तिथे नव्हते. जुलै १९९६ मध्ये त्यांनी छोटा, हलका गेम बॉय पॉकेट बाजारात आणला आणि १५ ऑगस्ट १९९६ ला निन्टेंडो सोडलं. ३१ वर्षांची नोकरी. व्हर्च्युअल बॉयमुळे त्यांना काढलं, अशी चर्चा तेव्हापासून आहे. खुद्द योकोईंनी मात्र ते नाकारलं होतं. वयाच्या पन्नाशीत स्वतंत्र व्हायचं, हे त्यांचं आधीपासूनचं ठरलेलं होतं. तरी वेळ अशी जुळून आली की लोकांनी आपटी आणि राजीनामा यांची सांगड घातलीच.

पण पोकेमॉननं काय घालवलं?

आता येऊ त्या मुद्द्यावर, ज्यावर आजही चाहते भांडतात. पहिल्या पोकेमॉनमध्ये बऱ्याच संधी हुकल्या. त्यातल्या काही मशीनच्या मर्यादेमुळे, काही मात्र निव्वळ दुर्लक्षामुळे.

मशीनची मर्यादा म्हणजे काय? जपानमधली पहिली कॅसेट अर्ध्या एमबीची होती. आज मोबाईलवरचा एक फोटो त्यापेक्षा जड असतो. खेळ सेव्ह करायला एकच जागा. म्हणजे घरात दोन भावंडं आणि कॅसेट एक असेल, तर दुसऱ्यानं नवा खेळ सेव्ह केला की पहिल्याची महिन्याभराची कमाई साफ. पिशवीत वीसच प्रकारच्या वस्तू मावतात. प्राणी ठेवायची चालू पेटी भरली की आधी कॉम्प्युटरपाशी जाऊन पेटी बदला, तोवर नवा प्राणी पकडताच येत नाही. या गोष्टी त्रासदायक होत्या, पण समजून घेता येतात.

किड्यांचं मात्र समजून घेणं अवघड आहे.

जो खेळ किडे पकडण्याच्या वेडातून जन्मला, त्यात सगळ्यात दुबळे कोण, तर किडेच. १५१ पैकी १२ प्राणी कीटक प्रकारचे. खेळात एकूण १६५ चाली आहेत आणि कीटक प्रकारच्या फक्त ४. त्यातली एक नुसता धागा टाकून समोरच्याला हळू करते. उरलेल्या तीन कमकुवतच. बटरफ्री हे फुलपाखरू, पण त्याला कीटक प्रकारची एकही हल्ल्याची चाल शिकता येत नाही. नाकतोड्याच्या कुळातला वाटणारा सायथर लालमध्ये मिळतो आणि भुंग्यासारखा पिन्सर हिरव्यात. दिसायला दोघंही जबरदस्त, पण कीटक प्रकारची चाल दोघांकडेही नाही.

हे महत्त्वाचं का? कारण त्या खेळात मनोविद्या वापरणारे प्राणी, म्हणजे सायकिक प्रकार, सगळ्यांवर भारी होते. नियमाप्रमाणे त्यांना दोनच जण आवरू शकत होते, किडे आणि भुतं. खेळातलंच एक पात्र तुम्हाला तसं सांगतं. किड्यांकडे धड चाल नाही. आणि भुतांचं तर आणखीच अवघड. कोडमध्ये चूक राहिली आणि भुतांच्या हल्ल्याचा सायकिक प्राण्यांवर परिणाम शून्य झाला. म्हणजे खेळ सांगतो एक आणि करतो उलट. पोरांनी खेळावर विश्वास ठेवून भूत पाठवायचं आणि हरायचं.

ड्रॅगनचंही तेच. ड्रॅगनवर ड्रॅगन भारी, असा नियम. पण ड्रॅगन प्रकारची चाल एकच आणि तिचा फटका कायम ठरलेला. त्यामुळे तो नियम कधी लागूच होत नाही.

आणि ती वायर? चार जणांना जोडणारा अॅडॉप्टर पाच वर्षांपासून बाजारात होता. पोकेमॉननं त्याला हात लावला नाही. चार मित्रांनी एकत्र बसून अदलाबदल करायची, काडेपेट्या उघडून गोल करून बसल्यासारखी, ती संधी तशीच गेली.

योकोईंचं आयुष्य समोर ठेवून पाहिलं की यातला फरक नीट कळतो. डावीकडेच वळणारी गाडी ही मर्यादा होती आणि तिचा खेळ झाला. ३०० बाईटची उरलेली जागा ही मर्यादा होती आणि तिचा म्यू झाला. किड्यांना दोन धड चाली द्यायला नवं मशीन लागत नव्हतं. भुतांची चूक दुरुस्त करायला जास्त मेमरी लागत नव्हती. लागत होतं ते कुणीतरी थांबून विचारणं, की ज्या पोराला किडे आवडतात त्याला हा खेळ काय देतोय? सहा वर्षं रखडलेल्या, पैसे संपत आलेल्या टीमकडून ते राहून गेलं.

शेवटचा रस्ता

निन्टेंडो सोडल्यावर योकोईंनी क्योटोतच कोतो नावाची छोटी कंपनी काढली. बांदाई कंपनीसाठी ते एक नवं हातातलं मशीन आखत होते. पद्धत तीच जुनी. रंग नको, किंमत कमी, एकाच सेलवर चालणारं. आडवंही धरता येईल आणि उभंही.

४ ऑक्टोबर १९९७ ला ते इशिकावा भागातून जाणाऱ्या होकुरिकू महामार्गावरून प्रवास करत होते. त्यांची गाडी पुढच्या ट्रकला धडकली. धडक मोठी नव्हती. काय नुकसान झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. वय ५६.

ते मशीन, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये बाजारात आलं. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला नाव दिलं होतं, गुनपेई.

किडा वायरमधून गेला, पण उशिरा

२१ नोव्हेंबर १९९९ ला पोकेमॉनची दुसरी पिढी आली, गोल्ड आणि सिल्व्हर. त्यात भुतांची चूक दुरुस्त झाली. किड्यांना हेराक्रॉस नावाचा शिंगवाला भुंगा मिळाला आणि त्याच्याकडे खरोखर जोरदार चाल होती. बागेत किडे पकडायची स्पर्धाही आली, आठवड्यातून तीन दिवस.

आणि पहिल्या खेळात उपेक्षित राहिलेल्या सायथरचं काय झालं? त्याला धातूचं आवरण द्यायचं आणि वायरमधून मित्राकडे पाठवायचं. पलीकडे निघतो तो पोलादी अंगाचा सिझर होऊन. ताजिरींना जे दिसलं होतं, वायरमधून सरपटत जाणारा किडा, ते खऱ्या अर्थानं तेव्हा पूर्ण झालं. ते पाहायला योकोई हयात नव्हते. गेम बॉय आणि त्याचं रंगीत भावंड मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग खपले, तेही त्यांनी पाहिलं नाही. २००३ मध्ये जगभरातल्या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेनं त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

तीच चूक पुन्हा होते, हे सांगायला हवंच. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जिओसोबत भारतातही. आपली पोरं मोबाईल घेऊन रस्त्यावर फिरायला लागली. पण त्या खेळात मित्राशी अदलाबदल करायची सोयच नव्हती. ती आली जून २०१८ मध्ये. हातात जगातलं सगळ्यात भारी तंत्रज्ञान, खिशात इंटरनेट आणि १९९६ मध्ये एका साध्या वायरनं जे जमलं होतं, त्याला दोन वर्षं लागली. शिवाय खेळायला लागणारे थांबे शहरात पावलापावलावर आणि गावखेड्यात शोधून सापडायचे नाहीत. म्हणजे जिथे खरे किडे जास्त, तिथेच पोकेमॉन कमी.

राजुऱ्यातल्या पोरांना याची फिकीर नसावी. मृगाचा पाऊस पडला की त्यांच्या काडेपेट्या निघतात. वायर लागत नाही, सेल लागत नाहीत. लागतो तो समोर दुसरी काडेपेटी घेऊन बसलेला मित्र.